अनुभव धागा: 'कुंग फू हसल'मधले सलाम, आणि तसं काही करायला गेलं तर कुठे फसतं

स्टीफन चाऊचा 'कुंग फू हसल' (2004) हसायला म्हणून सगळ्यांनी पाहिला असेल. या धाग्यावर मारामारी बसवणाऱ्यांनी, संकलन आणि आवाजाचं काम करणाऱ्यांनी आणि जुने हाँगकाँगी सिनेमे कोळून प्यायलेल्यांनी लिहावं. 'आमच्या गावच्या व्हिडिओ पार्लरमध्ये' छापाच्या आठवणी दुसरीकडे. इथे तपशील हवा आहे: कुठली गोष्ट कुठून उचलली, कशी केली, आणि लघुपटात तसं करायचं तर काय सांभाळायचं.

शॉस्कोप
सुरुवात जागेपासून करतो. सिनेमातली वस्ती पिगस्टाय अ‍ॅली म्हणजे चाळच: मधे चौक, चहूबाजूंनी गॅलऱ्या, पाण्याची बोंब आणि तोंडाळ मालकीण. ही मांडणी शॉ ब्रदर्स या हाँगकाँगी स्टुडिओच्या 1973 सालच्या 'द हाउस ऑफ 72 टेनंट्स'मधून आली आहे. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये कँटोनीज भाषेत निघालेला तो एकमेव चित्रपट, आणि तिकीटबारीवर त्याने 'एंटर द ड्रॅगन'लाही मागे टाकलं. चाऊने ब्रूस लीच्या आधी या सिनेमाला नमस्कार का केला, ते यावरून कळतं. कौलून वॉल्ड सिटी या पाडून टाकलेल्या वस्तीची छायाही तिथे आहे.

मालक-मालकीण आपली खरी नावं सांगतात, तिथे हाँगकाँगचा प्रेक्षक फुटतो. जिन योंग या चिनी कुंग फू कादंबरीकाराच्या कादंबरीतलं देखणं, तरुण प्रेमी जोडपं यांग गुओ आणि शाओलोंगन्यू ते हेच! इथे एक दारुडा आणि दुसरी केसांत रोलर, ओठांत सिगारेट.

खलनायक बीस्टचं बेडूक-तंत्रही जिन योंगचंच. तिकडे ते ओयांग फेंगचं, आणि तोही पुढे वेडा होतो. इकडचा बीस्ट वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढला जातो. शेवटचा डाव 'बुद्धाचा पंजा' 1960च्या दशकातल्या कँटोनीज चित्रमालिकेतला. दमडीच्या पुस्तकातून विद्या मिळवायची ही कल्पना त्या काळच्या स्वस्त वाङ्मयाची थट्टा आहे आणि तिच्यावरचं प्रेमही.

लोखंडी कडं
चौकातल्या मारामारीत उतरणाऱ्या तिघांच्या शैली खऱ्या आहेत, नुसते हातवारे नाहीत.

शिंपी हंग गार करतो. बैठक खाली, मांड्या जवळपास जमिनीला समांतर, ताकद पुढच्या हातात (कोपर ते मनगट). हातात लोखंडी कडी घालून सराव करणं ही या परंपरेतली जुनी पद्धत. ती भूमिका करणारा चिऊ ची-लिंग स्वतः हंग गारचा नावाजलेला उस्ताद आहे. हमालाच्या बारा लाथा तान तुईच्या: लाथ खालची, गुडघ्याच्या आसपास, आणि झटक्यात परत येणारी. करणारा शिंग यू शाओलिनमध्ये शिकलेला. तिसऱ्याची काठी यांग घराण्याच्या पाचव्या भावाची. दंतकथेत तो भिक्षू होतो आणि भाल्याचं पातं काढून नुसता दांडा चालवतो.

नक्कल करणाऱ्यांचं इथे हमखास चुकतं: तिघांना एकाच प्रकारच्या चाली देतात. विडंबन उभं राहायला माणूस बैठकीवरून ओळखू यायला हवा. सोपी चाचणी: आवाज बंद करा, चेहरा झाका, फक्त कंबरेखालचा भाग बघा. कोण कोणती शैली करतोय हे सांगता आलं तर बसवणं जमलं. हंग गारवाला दोन चालींमध्ये उंच उठला की शैली गेली. नवखे दमल्यावर उठतातच, म्हणून एका शॉटमध्ये पाच-सहा चालींपेक्षा जास्त बसवू नका.

तारवाला
सुरुवातीची मारामारी सॅमो हंगने बसवली, नंतर युएन वू-पिंग आला. दोघेही तारकामात (नटाला तारांनी उडवण्यात) मुरलेले.

हार्नेसला (नटाच्या अंगावरच्या पट्ट्यांना) तार कुठे लावता यावर सगळं आहे. कोलांटीसाठी कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण शरीर तिथेच फिरतं. फटका खाऊन मागे फेकला जाण्यासाठी पाठीवर. ओढणारी माणसं कप्पीच्या दुसऱ्या टोकाला असतात आणि आकडे मोजून ओढतात. ओढ फटक्याच्या रेषेत हवी. फटका सरळ आणि माणूस तिरका उडाला की डोळ्याला लगेच खटकतं.

सगळ्यात सामान्य चूक: नट स्वतः उडी न मारता तारेच्या भरवशावर राहतो. मग कंबर आधी वर जाते, पाय लोंबतात आणि विहिरीतून बादली ओढल्यासारखं दिसतं. गुडघे वाकवून जमीन ढकलायची आणि त्याच क्षणी तार ताणायची. आधी नटाच्या वजनाएवढी वाळूची पोती उडवून पाहा, माणूस नंतर. प्रशिक्षित रिगर (तारा बांधणारा) नसेल तर तारेच्या नादी लागूच नका. लहान ट्रॅम्पोलिन फ्रेमबाहेर ठेवा, खाली जाड गाद्या. नटाची नजर मात्र ट्रॅम्पोलिनकडे वळता कामा नये, तेवढ्यावरून सोंग उघडं पडतं.

तार पुसायची असेल तर ट्रायपॉड न हलवता, त्याच उजेडात, रिकाम्या चौकटीचा शॉट लगेच घेऊन ठेवा. हातातल्या कॅमेऱ्याने घेतलं तर एकेक फ्रेम रंगवत बसाल.

कात्रीवाला
वेगाबद्दल. जुन्या हाँगकाँगी पटांत कॅमेरा जरा सावकाश चालवत. सेकंदाला 22 फ्रेमने घेऊन 24ने दाखवलं की हालचाल साधारण 9 टक्के जलद होते, 20ने घेतलं तर 20 टक्के. 20च्या खाली मूकपटातल्या चालीसारखं दिसू लागतं. मालकीण सिंगच्या (चाऊने केलेलं पात्र) मागे धावते तिथे चाऊला तेच हवंय, तो उघडउघड कार्टून आहे. खऱ्या मारामारीत नको. चोरी पकडली जाते ती मागच्या माणसांवरून, सांडणाऱ्या पाण्यावरून आणि उडणाऱ्या केसांवरून. म्हणून मागची गर्दी त्या शॉटपुरती स्थिर उभी करा.

फटका दोन शॉटमध्ये तोडायचा असेल तर दुसऱ्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेम मागून सुरू करा. हिशेबाने ही पुनरावृत्ती आहे, पण डोळ्याला ती फटक्याचं वजन वाटते. विनोदाला उलटा नियम. सुऱ्या मालकिणीला लागायच्या त्या सिंगलाच रुततात, तसल्या प्रसंगात कारण आणि परिणाम शक्यतो एकाच चौकटीत ठेवा. कापलंत की हशा अर्धा.

ढिश्यांव
एक फटका म्हणजे तीन थर: बाहीचा सपकारा, आदळण्याचा आवाज, खाली अंगाचा जड धप्प. सपकारा आदळण्याच्या दोन-तीन फ्रेम आधी सुरू हवा. तिन्ही एकाच फ्रेमवर ठेवले तर नुसता फटाका ऐकू येतो. आणि प्रत्येक फटक्याला तोच नमुना चिकटवू नका, चौथ्यापासून कान ऐकणं सोडतो.

पेकिंग ऑपेराच्या झांजा-ढोलांचे ठोके कुंग फू पटांच्या हाडात आहेत. चाऊने चिनी वाद्यवृंद भरपूर वापरला आणि वरच्या पाठलागाला सारासाते या स्पॅनिश संगीतकाराचं व्हायोलिन ठेवलं. आधी ताल ठरवून मग चाली बसवा. उलट केलंत तर संगीत मागून फरफटत येतं.

शॉस्कोप
कात्रीवाल्यांना दुजोरा. पात्रनिवडीतले सलाम राहिलेच होते. मालक झालेला युएन वा 'फिस्ट ऑफ फ्यूरी' आणि 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीच्या कोलांट्या मारणारा डबल. मालकीण झालेली युएन चिऊही त्याच्याच पेकिंग ऑपेरा शाळेतली, गुरू यू जिम-युएन यांची. जॅकी चॅन, सॅमो हंगही तिथलेच. बीस्ट झालेला ब्रूस ल्युंग ब्रूस लीनंतर आलेल्या 'ब्रूस' नावाच्या लाटेतला. चपला आणि बनियन घालून तो येतो आणि आता काही होणार नाही असं वाटतं, ते मुद्दाम आहे.

नवा_मेंबर
गाडीत मालकीण बोटं मोडून अंगठ्याने नाक उडवते, ती ब्रूस लीची लकब ना? आणि समोर बसलेला तो गँगचा म्होरक्या कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

शॉस्कोप
हो, तीच लकब. आणि ती ज्याला दाखवली तो नट डॅनी चॅन. 2008 सालच्या 'द लेजंड ऑफ ब्रूस ली' मालिकेत ब्रूस ली झाला तो हाच.