मार्नच्या टॅक्सी आणि जनरल गालिएनी: मीटर खरंच चालू होते का?

रिक्षा_वर्तकनगर

नमस्कार मंडळी. ठाण्यात रिक्षा चालवतो, वर्तकनगरच्या स्टँडला असतो. परवा घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा मागे बसलेल्या काकांनी एक गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात जर्मन पॅरिसच्या तोंडाशी आले, तेव्हा गालिएनी नावाच्या जनरलने शहरातल्या टॅक्सी गोळा केल्या, त्यात सैनिक कोंबले आणि रातोरात मार्न नदीकडच्या लढाईवर धाडले. पॅरिस वाचलं. वर टॅक्सीवाल्यांनी मीटर टाकून सरकारकडून पैसेही वसूल केले! तेवढ्यात कापूरबावडी आली, काका उतरले, गोष्ट अर्धीच राहिली. स्टँडवर सांगितली तर पोरं हसायला लागली. यात खरं किती? आणि हा जनरल होता कोण?

कळवा_नाका

सरकारने मीटरप्रमाणे बिल दिलं? मग ते आपल्याकडचं सरकार नव्हतं, एवढं मी न वाचता सांगतो.

ऐरोलीचा_सुभेदार

भाऊ, मी लष्कराच्या एएससीत (आर्मी सर्व्हिस कोअर) होतो, मेकॅनिकल ट्रान्सपोर्टला. सगळी नोकरी गाड्यांचे कॉन्व्हॉय लावण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या फार आवडीचा.

मीटर चालू होते, हे अगदी खरं. तिथल्या चालकाला एरवी मीटरच्या रकमेतले २७ टक्के मिळायचे, बाकीचे मालक कंपनीचे. म्हणजे तुमच्याकडे शिफ्टवर गाडी चालवणाऱ्यांसारखंच. या फेऱ्यांनाही तोच हिशेब लावला आणि सरकारी तिजोरीतून एकूण ७०,०१२ फ्रँक चुकते झाले. स्टँडवरच्या पोरांना आकड्यासकट सांगा.

पण टॅक्सींनी पॅरिस वाचवलं, हे नाही पटत. गाड्या होत्या सुमारे ६००, बहुतेक दोन सिलिंडरच्या रेनो. एकेका गाडीत चार-पाच जण, पायदळाची पूर्ण बंदूक-पिशवी घेऊन. ६ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीपासून गाड्या जमा व्हायला लागल्या आणि पुढच्या रात्री सैनिक भरून नांतई गावाच्या दिशेने निघाल्या, पॅरिसपासून साधारण ५० किलोमीटर. दिवे बंद, फक्त मागचा दिवा चालू. ज्याने कधी कॉन्व्हॉय चालवलाय त्याच्या पोटात हे वाचूनच गोळा येईल. अशा वेळी पुढच्याचा टेललाइट हीच तुमची वाट असते. एकाने वळण चुकवलं की मागची अख्खी रांग चुकते. सैन्यातला ड्रायव्हर अंतर राखायला शिकलेला असतो, शहरातला टॅक्सीवाला पुढे घुसायला. झालंही तसंच. कोणी पंक्चर, कोणी रस्ता चुकला, कोणी ओव्हरटेक करून रांग मोडली. तरी माणसं पोचली, पण चार-पाच हजारच. ज्याच्या मदतीला ती धाडली, ती फ्रेंच जनरल मोनुरीची सहावी आर्मी जवळजवळ दीड लाखाची होती. टॅक्सीतून गेलेल्यांच्याच डिव्हिजनचे बाकीचे जवान रेल्वेने गेले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

खरी करामत तीन दिवस आधीची. २ तारखेला सरकार पॅरिस सोडून दूर बोर्दो शहराला निघून गेलं, पॅरिसचा लष्करी गव्हर्नर म्हणून मागे राहिला गालिएनी. वय ६५, त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवृत्त झालेला, प्रकृती ढासळलेली. ३ तारखेला विमानांनी खबर आणली की जनरल क्लुकची जर्मन पहिली आर्मी पॅरिसकडे न येता शहराच्या पूर्वेने खाली सरकतेय, म्हणजे उजवी कूस उघडी. ४ तारखेला सकाळीच त्याने मोनुरीला तयार राहायला सांगितलं. वरून हुकूम यायचा होता तो नंतर आला. सरसेनापती जोफ्रला फोन फारसा रुचायचा नाही, पण गालिएनी त्याच्याशीच बोलायचं म्हणून हटून बसला आणि हल्ल्याची तारीख ठरवून घेतली. मार्नची खरी लढाई टेलिफोनवर झाली, असं तो पुढे म्हणायचा.

यातली गंमत अशी की हा जोफ्र आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर गालिएनीच्या हाताखाली होता, दिएगो-सुआरेझच्या बंदराची तटबंदी करायला. आणि १९११ मध्ये सरसेनापतीपद आधी गालिएनीलाच देऊ केलं होतं. वय झालंय म्हणून त्याने नकार दिला आणि जोफ्रचं नाव सुचवलं. आपणच वर चढवलेल्या माणसाला फोनवर विनवायची पाळी आली!

त्याची आधीची कारकीर्द जवळजवळ सगळी समुद्रापार. १८७० मध्ये प्रशियाविरुद्ध बाझेईला लढला, कैद झाला. मग सेनेगल, फ्रेंच सुदान (आजचा माली), व्हिएतनाममधलं तोंकिन, १८९६ पासून मादागास्कर. बंडखोर भागात ठाणं बसवायचं, त्याच्याभोवती रस्ता-बाजार-शाळा उभी करायची, लोक थोडे वळले की पुढचं ठाणं. तेलाचा डाग कापडावर पसरतो तशी हळूहळू पसरणारी पद्धत म्हणून ती ओळखली जाते. पुढे मोरोक्कोत गाजलेला फ्रेंच सेनानी लिओते तोंकिनमध्ये आणि मादागास्करला याच्याच हाताखाली तयार झाला.

वाशीची_फ्रेंचवाली

सुभेदारसाहेब, कॉन्व्हॉयला एवढा मोठा परिच्छेद आणि नऊ वर्षांचं मादागास्कर "रस्ता-बाजार-शाळा" म्हणून उरकलंत? मी वाशीला फ्रेंच शिकवते. आमची पाठ्यपुस्तकंही हेच करतात, म्हणून विचारते.

सप्टेंबर १८९६ मध्ये तो तिथे पोचला. महिनाभराच्या आत, १५ ऑक्टोबरला, मादागास्करच्या राणीचे नातलग राजपुत्र रात्सिमामांगा आणि गृहमंत्री रैनान्द्रियामाम्पान्द्री यांना बंडाला फूस दिल्याच्या आरोपाखाली घाईघाईचा खटला चालवून गोळ्या घातल्या. त्यांच्याविरुद्ध धड पुरावा नव्हता. दरबाराला दहशत बसवायची होती, बस्स. २८ फेब्रुवारी १८९७ ला राज्यच खालसा केलं आणि राणी तिसरी राणावालोना हिला आधी रेयुनियन बेटावर, मग अल्जीअर्सला पाठवलं. ती १९१७ मध्ये तिथेच वारली. माणशी कर आणि वेठबिगार ही त्या रस्त्यांची किंमत. पश्चिमेला मेनाबे भागात ऑगस्ट १८९७ मध्ये फ्रेंच तुकडीने आंबिकी गावात कत्तल केली, राजा तोएरा मारला गेला. त्याची मानली जाणारी कवटी पॅरिसच्या संग्रहालयात होती. ती फ्रान्सने परत केली २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

वैद्यकीय शाळा त्याने काढली, ठीक. पण दोन्ही सांगा.

ऐरोलीचा_सुभेदार

मॅडम, सांगितलंत ते बरं केलंत, पण माझं म्हणणं त्याच्या उलट नाहीच. पॅरिसमध्ये जो माणूस हुकमाची वाट न पाहता फौज हलवतो, तो हे कुठे शिकला? जिथे वर विचारायला कोणी नव्हतं आणि जाब द्यायची वेळ येत नव्हती तिथेच. मादागास्करमध्ये त्या घाईत दोन माणसं गेली, पॅरिसमध्ये तीच घाई कामी आली. फ्रेंच लोक दुसऱ्या भागाचे पुतळे उभारतात, त्याला आपण काय करणार.

रिक्षा_वर्तकनगर

दोघांचेही आभार. राणीचं ऐकून वाईट वाटलं, साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते आठवलं. एक विचारू का, मग मार्नचं श्रेय जोफ्रनेच घेतलं?

ऐरोलीचा_सुभेदार

बऱ्याच अंशी. जोफ्रचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: लढाई कोणी जिंकली माहीत नाही, पण हरली असती तर ती कोणाच्या माथी मारली असती ते मला पक्कं ठाऊक आहे. तेही खोटं नाही, हल्ल्याचा निर्णय शेवटी त्याचाच होता. गालिएनी ऑक्टोबर १९१५ मध्ये युद्धमंत्री झाला. डिसेंबरमध्ये त्याने जोफ्रला लेखी विचारलं की व्हर्दून या किल्ल्याच्या शहराभोवतालच्या खंदकांची अवस्था वाईट असल्याचं कळतंय, हे काय? जोफ्र भडकला, सगळं ठीक असल्याचं कळवलं. २१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मनांनी व्हर्दूनवरच हल्ला केला. मार्चमध्ये गालिएनीने राजीनामा दिला, २७ मे रोजी व्हर्सायला वारला. जोफ्रला मार्शलपद जिवंतपणी मिळालं, याला १९२१ मध्ये मरणोत्तर.

कळवा_नाका

ते २७ टक्के जरा परत सांगा. वर्तकनगरवाले, हा आकडा स्टँडवर जपून बोला, नाहीतर शिफ्टवाले उद्या मालकाकडे हिशेब मागायला जातील.