मदत हवी आहे: न्यूयॉर्क पोलिसांच्या वायरलेसवरील ‘अ‍ॅडम’, ‘बॉय’ आणि ‘ट्रक’ मराठीत कसे आणावेत?

नमस्कार.

न्यूयॉर्क शहर पोलीस दलातील एका निवृत्त अधिकाऱ्याच्या अप्रकाशित आठवणींचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे. त्यांची बहुतेक नोकरी दलाच्या इमर्जन्सी सर्व्हिस युनिटमध्ये झाली. हे पथक मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येत नाही. बंदूक घेऊन घरात कोंडून बसलेल्या इसमाचे दार फोडणारे तेच, आणि बंद पडलेल्या लिफ्टमधून आजीबाईंना बाहेर काढणारेही तेच. पुलाच्या लोखंडी तारांवर चढून बसलेल्या माणसाची समजूत काढणे, अपघातात चेपलेल्या मोटारीचा पत्रा हायड्रॉलिक कटरने फाडणे आणि भुयारी रेल्वेखाली सापडलेल्याला सोडवणे ही कामेही त्यांच्याकडेच असतात. अग्निशमन दलाची बचाव पथकेही याच कामांसाठी असल्यामुळे दोन्ही गणवेश एकाच जागी पोचतात आणि मग कटर कोणी चालवायचा यावरून जे व्हायचे ते होते. त्या भागाचा अनुवाद करताना मला मजाच आली. अडले ते गाड्यांच्या नावांपाशी.

झालेली चूक आधीच कबूल करते. पहिली तीन प्रकरणे मी अ‍ॅडम हा माणूस आहे असे समजून अनुवादित केली. ‘अ‍ॅडम उत्तरला’, ‘अ‍ॅडमने घाईघाईने विचारले’ असे सगळे छान जमून आले होते. चौथ्या प्रकरणात एकाच रात्री, दहा मिनिटांच्या अंतराने, अ‍ॅडम शहराच्या एका टोकाला स्टेटन आयलंडवर आणि दुसऱ्या टोकाला ब्राँक्समध्ये हजर झाला, तेव्हा मला शंका आली.

त्यानंतर बरेच वाचून जे उमगले ते असे. या पथकाच्या दहा तुकड्या आहेत: मॅनहॅटनमध्ये १ व २, ब्राँक्समध्ये ३ व ४, स्टेटन आयलंडवर ५, ब्रुकलिनमध्ये ६, ७ व ८ आणि क्वीन्समध्ये ९ व १०. प्रत्येक तुकडीकडे अवजड साहित्याने भरलेला एक मोठा ट्रक असतो, म्हणून तुकडीलाच ‘ट्रक’ म्हणतात. परिणामी ‘ट्रक वन’ हे कधी वाहन असते, कधी त्या तुकडीचे ठाणे, तर कधी तिथली माणसे. ट्रक जेवायला बसला, ट्रक त्या दिवशी गप्प होता, अशा अर्थाची वाक्ये पानोपानी येतात आणि मराठीत ती अगदीच विचित्र वाटतात. रोजची गस्त मात्र त्या मोठ्या ट्रकमधून होत नाही. त्यासाठी ‘रेडिओ इमर्जन्सी पेट्रोल’ नावाच्या मध्यम आकाराच्या गाड्या आहेत. एका गाडीत दोन अंमलदार असतात आणि दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत दोरखंड, गोळीरोधक ढाली, शिरस्त्राणे, कटर असे साहित्य खच्चून भरलेले असते. याच गाड्या म्हणजे ‘अ‍ॅडम’, ‘बॉय’ आणि ‘चार्ली’. ‘अ‍ॅडम-फाइव्ह’ म्हणजे पाचव्या ट्रकची अ‍ॅडम गाडी.

हे कळल्यावर निश्चिंत व्हावे, तर पुढे ‘फाइव्ह-अ‍ॅडम’ आले. मुद्रणदोष समजून मी शब्दांचा क्रम बदलणार होते. सुदैवाने बदलला नाही, कारण ही निराळीच गाडी आहे. साध्या गस्तीच्या गाडीच्या नावात आधी पोलीस ठाण्याचा क्रमांक येतो आणि नंतर त्या ठाण्याच्या हद्दीतील सेक्टरचे, म्हणजे गस्तीच्या विभागाचे, अक्षर (‘ए’साठी ‘अ‍ॅडम’). पाचवे ठाणे मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये आहे, म्हणजे ‘फाइव्ह-अ‍ॅडम’ चायनाटाउनमध्ये फिरते आणि ‘अ‍ॅडम-फाइव्ह’ उपसागरापलीकडे स्टेटन आयलंडवर. दोन शब्दांची अदलाबदल झाली की गाडी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते. मराठी वाचकाच्या हे लक्षात कसे आणून द्यावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

शिवाय ‘बॉय-टू’ लिहिले की वाचकासमोर ऑफिस बॉय उभा राहतो. बोलण्याच्या शेवटी वारंवार ‘के’ येतो. तो मी ‘ठीक’ असा करून टाकला होता, पण प्रश्न विचारतानाही ‘के’ असतो, म्हणजे ते ओके नसणार. आणि ‘टेन-थर्टीन’सारखे आकडे तसेच ठेवावेत की त्यांचा अर्थ द्यावा? खरी संभाषणे ऐकून खात्री करावी म्हटले, तर जुलै २०२३ पासून ब्रुकलिनपासून सुरुवात करून पोलिसांनी आपले रेडिओ संदेश बाहेरच्यांना ऐकता येऊ नयेत असे कूटबद्ध करण्यास प्रारंभ केला आहे, त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणांवरच भागवावे लागत आहे.

हे बारकावे मी उगाच उगाळत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी या पोलीस दलाचे जे २३ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी १४ याच पथकाचे होते. त्या दिवसावरील प्रकरणात लेखक माणसांची नावे थोडीच घेतो, बाकी सगळे ट्रकच्या क्रमांकांनी सांगतो. तिथे चूक होऊन चालणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: खरखर

मी हौशी रेडिओचालक आहे, त्यामुळे ‘के’पासून सुरुवात करतो. तो मोर्सच्या तारेतून आलेला आहे. मोर्समध्ये संदेशाच्या शेवटी ‘के’ वाजवला की त्याचा अर्थ ‘माझे झाले, आता तुम्ही बोला’ असा होतो. इतरत्र लोक ‘ओव्हर’ म्हणतात, न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ‘के’ धरून ठेवला. म्हणून तो प्रश्नानंतरही येतो. आपण ‘ओव्हर’ लिहिलेत तर वाचकाला लगेच कळेल, परंतु शहराची चव जाईल. ‘के’च ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथे निवेदनातच अर्ध्या वाक्यात उलगडावा, असे माझे मत आहे.

अ‍ॅडम, बॉय, चार्ली, डेव्हिड ही अमेरिकी पोलिसांची जुनी अक्षरमाला आहे. विमानवाहतुकीतील अल्फा, ब्राव्हो हिच्याहून ती वेगळी आहे, तेव्हा कोणी सुधारणा म्हणून ‘अल्फा-फाइव्ह’ सुचवल्यास मुळीच ऐकू नये. शिवाय अक्षराचा अर्थ शहरागणिक बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये ‘वन-अ‍ॅडम-ट्वेल्व्ह’मधील अ‍ॅडम म्हणजे दोन अंमलदार असलेली गस्तीची गाडी, तिथे एकटा अंमलदार असेल तर ‘लिंकन’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या सेक्टरशी त्याचा काही संबंध नाही.

‘टेन’वाल्या आकड्यांची कथा मला फार आवडते. १९३७ मध्ये इलिनॉय राज्य पोलिसांच्या संदेशवहन विभागाचे प्रमुख चार्ल्स हॉपर यांनी ही पद्धत आणली. त्या काळच्या गाडीतील ट्रान्समीटरला वीज पुरवणारे यंत्र बटण दाबल्यावर पूर्ण वेग घ्यायला क्षणभर घेत असे आणि तेवढ्यात पहिला उच्चार गिळला जाई. म्हणून आधी ‘टेन’ म्हणायचे. गेला तर तो जाईल, कामाचा आकडा शाबूत राहील. आताच्या यंत्रांना ती अडचण नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये पुष्कळदा ‘टेन’ गाळून नुसते ‘एटी-फोर’ म्हणतात, म्हणजे घटनास्थळी पोचलो. ‘नाइन्टी-एट’ म्हणजे काम आटोपले, गाडी मोकळी आहे. ‘थर्टीन’ मात्र गमतीचा नाही. पोलिसाला तातडीने मदत हवी असल्याची ती हाक आहे आणि ती आली की हातातले टाकून सगळे निघतात. दुसऱ्या अनेक ठिकाणी हाच आकडा हवामान आणि रस्त्याची स्थिती विचारण्यासाठी वापरतात, त्यामुळे महाजालावरची कुठलीही यादी उचलून अर्थ लावू नयेत.

प्रतिसाद: शुद्धिपत्र

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त ‘ट्रक’बद्दल थोडे. आपण वायरलेसवरील बोलणे आणि लेखकाचे निवेदन वेगळे करावे. वायरलेसवर ‘ट्रक वन’ तसेच राहू द्यावे. निवेदनात माणसे अभिप्रेत असतील तिथे ‘पहिल्या ट्रकची माणसे’ किंवा ‘ट्रकवाले’ लिहावे. बंबवाले हा शब्द आपल्याकडे असाच रुळला, तसे ‘ट्रकवाले’ही दोन प्रकरणांत रुळतील. ‘तुकडी क्रमांक एक’ नको, त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

आकड्यांच्या बाबतीतही हाच नियम लावता येईल. कॉल साइन, म्हणजे गाडीचे वायरलेसवरचे नाव, बोलीत आहे, तेव्हा ती अक्षरांत आणि जोडरेषेसह लिहावी. निवेदनात मात्र ‘५व्या ठाण्याची गाडी’ असा अंक द्यावा. मग क्रम बदलल्याचा गोंधळ बराच कमी होईल.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘ट्रकवाले’ पाहून मी खुर्चीतच टाळी वाजवली. चौथ्या प्रकरणातील जागा आता अशी लिहिली आहे:

“अ‍ॅडम-फाइव्ह, के.” सेंट्रलचा आवाज नेहमीसारखाच थंड होता. सेंट्रल म्हणजे नियंत्रण कक्षात बसलेली ती बाई. वीस वर्षांत मी तिचा चेहरा पाहिला नाही. “अ‍ॅडम-फाइव्ह, बोला,” मी म्हटले आणि बोलण्याची पाळी तिची आहे हे कळावे म्हणून शेवटी ‘के’ जोडला. तिने पत्ता सांगितला. पाचव्या ट्रकच्या हद्दीत त्या रात्री आमची एकच गाडी बाहेर होती. सहा मिनिटांनी मी पुन्हा बटण दाबले. “अ‍ॅडम-फाइव्ह, एटी-फोर, के.” आम्ही पोचलो होतो.

‘बॉय’ तसाच ठेवला आहे, पण तो प्रथम येतो तिथे त्याच्या आधी ‘दुसरी गाडी’ एवढे दोन शब्द घातले. ऑफिस बॉय त्यामुळे बराचसा हटला. आता मागे जाऊन पहिल्या तीन प्रकरणांतून अ‍ॅडम नावाच्या त्या गृहस्थाला काढायचे आहे. एके ठिकाणी मी त्याला मिशीही दिली होती.