ओवाळणी द्या, पण उधारीवर का?

जमाखर्च (धागाकर्ता)
१० मार्च २०२५ ला मांडलेला महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प उघडून बघा. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १,३६,२३५ कोटी. म्हणजे काढायच्या कर्जातला तिसरा हिस्सा रस्त्या-धरणांवर नाही, चालू खर्चावर उडणार. त्यात लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटी. योजना बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्यासाठी कर लावा, एवढंच.

काठावरचा
नेहमी बायकांच्या महिन्याच्या दीड हजारावरच बोट का? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल सरकार भरतं, त्यावर धागा दिसला नाही कधी. आणि २०२५-२६ साठी धरलेलं राज्याचं ९.३२ लाख कोटी कर्ज ऐकून धडकी भरते खरी, पण राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ते १९ टक्क्यांच्या आत बसतं. मर्यादा २५ टक्क्यांची. दीड हजार गावातल्याच किराणा दुकानात जातात, स्विस बँकेत नाही.

जमाखर्च
पंपांचंही तेच म्हणतो, घ्या. पण व्याज स्थूल उत्पन्नातून भरता येत नाही, तिजोरीतल्या जमेतूनच भरावं लागतं. ते सुमारे ६४ हजार कोटी, म्हणजे जमेच्या शंभरातले अकरा-बारा रुपये. शिवाय राज्याचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, मंगळवारी रिझर्व्ह बँकेच्या लिलावात विकले जातात. सहामाही फक्त व्याज, मुद्दल मुदतीच्या शेवटी एकगठ्ठा. कोविडच्या २०२०-२१ सालात काढलेले दहा वर्षांचे रोखे २०३०-३१ मध्ये दारात उभे राहतील. ते फेडायला पुन्हा रोखेच.

कोषागारकट्टा
दोघंही तरतुदीवर भांडताय. तरतूद म्हणजे पैसा नव्हे. अर्थ विभाग बीडीएसवर (निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) जेवढे टक्के निधी सोडेल तेवढीच बिलं कोषागारात निघतात. पगार, पेन्शन, व्याज थांबवता येत नाही. बहिणींचा हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी बोंब. मग थांबतं कोण? पाणीयोजनेचा, शाळाखोलीचा ठेकेदार. बिल वर्षभर लटकलं की पुढच्या निविदेत तो वाट बघण्याचं व्याज आधीच धरून दर भरतो. रस्ता तोच, किंमत चढी.

आता ३६,००० कोटींचा हिशेब. वर्षाला एकीचे १८,०००, म्हणजे बरोबर २ कोटी बहिणी. याद्या त्याच्या वर गेल्या, म्हणून तर सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख-पडताळणी, सुरू झाली. निवडणुकीत कबूल केलेले महिना २,१०० द्यायचे झाले तर तेवढ्याच बहिणींना ५०,४०० कोटी लागतील.

काठावरचा
@जमाखर्च, कर लावा म्हणता, कुठला? जीएसटीचा दर केंद्र आणि राज्यांच्या परिषदेत ठरतो. व्यवसाय कर बघा: पगारातून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ही कमाल १९८८ पासून घटनेच्या कलम २७६ मध्ये अडकलीय. राज्याला ती एक रुपयाही वाढवता येत नाही.

जमाखर्च
उदाहरण तुम्हीच काढलंत! व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, आणि तो आणला होता रोजगार हमीसाठी. म्हणजे योजनेसोबत कर ही याच राज्याची जुनी रीत. व्यवसाय कराला कुलूप असेल, पण मुद्रांक, वाहन कर, दारू राज्याच्याच हातात आहेत. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलंच की. दारूवरच्या वाढींतून १४,००० कोटी जादा अपेक्षित धरलेत.

काठावरचा
म्हणजे नवऱ्याच्या बाटलीवर कर आणि बायकोला ओवाळणी. घर एकच, खिसाही एकच!

कोषागारकट्टा
ते १४,००० ‘अपेक्षित’ आहेत, विसरू नका. शुल्क चढलं की ग्राहक खालच्या, स्वस्त प्रकाराकडे सरकतो, आणि गोव्याची बाटली जास्त परवडायला लागते. सगळी रक्कम आली तरी ३६,००० ला २२,००० कमीच. वसुली किती झाली ते नंतर बघू, तोवर गोव्याच्या सीमेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर माणसं वाढवा.