१ लिटर जॅकेटेड (तापमान राखणारं आवरण असलेल्या) रिअॅक्टरमध्ये एस्टरचं हायड्रोलिसिस (एस्टर तोडून आम्ल करणं) अडकतंय

प्रश्न: ५० ग्रॅम मिथाइल एस्टर, टीएचएफ (सेंद्रिय द्रावक)-पाणी २:१, बेस म्हणून लिथियम हायड्रॉक्साइड १.२ इक्विव्हॅलंट (एस्टरच्या १.२ पट मोल), २५ अंश. फ्लास्कमध्ये रिअॅक्शन तीन तासांत संपते, रिअॅक्टरमध्ये १० टक्के एस्टर उरतोच. अँकर स्टरर (भांड्याच्या भिंतीलगत फिरणारं नांगराच्या आकाराचं ढवळणं), १५० आरपीएम (मिनिटाला फेरे). बेस वाढवू का?

उत्तर १: आधी ढवळणं दोन मिनिटं थांबवून बघा. दोन थर दिसले तर दोष मिक्सिंगचा. क्षारामुळे टीएचएफ पाण्यापासून सुटतं आणि एस्टर वरच्या थरात बसून राहतो. अँकर इथे कुचकामी. पिच्ड ब्लेड (तिरक्या पात्यांचा स्टरर) लावा, ३५०-४०० आरपीएम.

उत्तर २: तळाच्या व्हॉल्व्हच्या नळीत एस्टर अडकलाय का तेही पाहा. २० मिलि काढून परत वरून ओता. सॅम्पल लगेच आम्लात क्वेंच करता ना, म्हणजे त्यातली रिअॅक्शन थांबवता ना? नाहीतर वायलमध्येही रिअॅक्शन चालू राहते आणि आकडा फसवतो.

प्रश्नकर्ता: थर दिसले! रेणूत अल्फा कायरल सेंटर आहे (एस्टर गटाला लागून असलेला, डावी-उजवी अशी दोन रूपं देणारा कार्बन).

उत्तर १: मग बेस आणि तापमान दोन्ही वाढवू नका, रॅसमायझेशन होईल (दोन्ही रूपांची सरमिसळ). काम ०-५ अंशांवर करा, वेळ जास्त द्या, कायरल एचपीएलसी (दोन्ही रूपं वेगळी मोजणारी चाचणी) लावा. शेवटी पीएच ८ वर आणून टीएचएफ ४० अंशांखाली व्हॅक्यूमने काढा, मगच थंडीत हळूहळू पीएच ३. टीएचएफ राहिलं तर आम्ल घन न होता तेलासारखं सुटतं.