जॅझवालं बॅकग्राउंड म्युझिक आधी लिहिलेलं असतं का?

प्रश्न: काल लुई मालचा 'एलिव्हेटर टू द गॅलोज' हा सिनेमा बघितला. त्यातली नायिका जान मोरो रात्री पॅरिसच्या रस्त्यांवर एकटीच भटकते तेव्हाचा ट्रम्पेट डोक्यातून जातच नाहीये, हे आधी लिहिलं असेल?

उत्तर: फारसं नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ते डिसेंबर 1957 मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत एका रात्रीत रेकॉर्ड केलं, पडद्यावर सीन चालू, हाताशी थोडेसे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) आणि पाच जण बघत बघत वाजवतायत.

उत्तर: हेडफोन लावून त्या पाचांतल्या ड्रमर केनी क्लार्कचे ब्रश (काठ्यांऐवजी वापरतात ते तारांचे) ऐकाच, ड्रमवर नुसती सळसळ, मला तर अर्धी बेचैनी तिथेच जाणवते.

उत्तर: लिहून बांधलेलं हवं तर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' या सिनेमाचं म्युझिक ऐका, 1959.