मदत हवी आहे: वेस्टर्न हॉरर आणि परीकथा एकाच कॅम्पेनमध्ये

नवी कॅम्पेन (टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची अनेक बैठकांत चालणारी कथा) लिहितोय. काळ १८७० च्या आसपासचा, जागा अमेरिकेतल्या नेवाडातलं चांदीच्या खाणीचं गाव. १८६९ मध्ये रेल्वे खंडाच्या आरपार जोडली गेली आणि लोककथांप्रमाणे पऱ्यांना लोखंड सोसत नाही, म्हणजे रुळांनी त्यांचं राज्यच दुभंगलं. आता सूड उगवायला पऱ्या खाणकामगारांशी करार करतात: नाव द्या, चांदी घ्या. नाव दिलेल्या माणसाला मग घरचा कुत्राही ओळखत नाही.

इथवर जमलंय. घोडं अडतं ते रिव्हॉल्व्हरपाशी. बोलणी व्हायच्या आधीच खेळाडू गोळ्या झाडतात, मग भीती कसली? शिशाची गोळी निरुपयोगी ठेवली तर सगळे घोड्याच्या नालेचे लोखंडी खिळेच गोळा करत बसतील (एकजण तर नक्कीच).

करार मोडल्याची किंमत हिट पॉइंट्सऐवजी (पात्र किती मार सोसू शकतं ते मोजणारे गुण) कशात वसूल करू? आठवणी, सावली, आवाज? कुणी असं चालवलं असेल तर सांगा.