सोलापुरी चादर-टॉवेलची विक्री परदेशी मालकीच्या ऑनलाइन बाजारांवर किती सोपवावी? – मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा घरचा यंत्रमाग कारखाना असून तेथे जॅकार्ड चादरी आणि टेरी टॉवेल विणले जातात. आजवर आमचा बहुतेक माल मुंबई, पुणे आणि हैदराबाद येथील घाऊक व्यापाऱ्यांकडे जात असे. अलीकडे ते माल कमी उचलतात, उधारी लांबवतात आणि गिऱ्हाईक आता मोबाइलवरच खरेदी करते असे सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यामुळे येत्या दिवाळीपासून निम्म्याहून अधिक उत्पादन ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्यावरील विक्रीसाठीच राखून ठेवावे, असा माझ्या पुतण्याचा आग्रह आहे. ऑनलाइन विक्रीला माझा विरोध नाही. परंतु एक व्यापारी तुटला तर दुसरा गाठता येतो, तसे या बाजारांच्या बाबतीत करता येईल का, ही शंका मनातून जात नाही. ज्यांनी तेथे प्रत्यक्ष माल विकला आहे, तसेच जे कर किंवा स्पर्धाविषयक कायदा जाणतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माझी आतापर्यंतची समज मांडतो. चुकत असल्यास दुरुस्त करावी. ॲमेझॉनने भारतातील बाजार जून २०१३ मध्ये सुरू केला. वॉलमार्ट त्याआधीपासून भारती समूहाबरोबर घाऊक विक्रीच्या व्यवसायात होती. ती भागीदारी २०१३ मध्येच संपली आणि मे २०१८ मध्ये तिने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टमधील ७७ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. अमेरिकेत एकमेकींशी झुंजणाऱ्या या दोन कंपन्या येथे ऑनलाइन बाजारातच समोरासमोर आल्या, याचे मोठे कारण आपल्या धोरणात आहे असे मला वाटते. अनेक ब्रँडचा माल किरकोळीने विकणाऱ्या दुकानांत २०१२ च्या निर्णयाप्रमाणे परदेशी गुंतवणूक ५१ टक्क्यांपर्यंतच चालते, तीही राज्य सरकारची संमती असेल तर. ऑनलाइन क्षेत्रात मात्र १०० टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी आहे, पण कंपनीने स्वतःचा माल न विकता विक्रेते आणि ग्राहक यांना जोडणारा बाजार तेवढा चालवायचा, अशी अट आहे.

माझा खरा प्रश्न या अटीपाशी सुरू होतो. डिसेंबर २०१८ मध्ये निघालेल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या केंद्राच्या परिपत्रकानुसार, बाजार चालवणाऱ्या कंपनीचा ज्या विक्रेत्यात भांडवली हिस्सा आहे त्याला त्या बाजारावर विक्री करता येत नाही. एखादा विक्रेता आपल्या खरेदीपैकी २५ टक्क्यांहून अधिक माल त्या कंपनीकडून किंवा तिच्या समूहाकडून घेत असेल, तर त्याचा साठा त्या कंपनीच्याच ताब्यातला मानला जातो. शिवाय कोणत्याही विक्रेत्याला आपल्याच बाजारावर माल विकण्याची सक्ती करता येत नाही. कागदावर ही तरतूद आमच्यासारख्यांच्या हिताची आहे. परंतु ती लागू झाल्यावर काय घडले, तेही पाहावे लागते. ॲमेझॉनवरील सर्वात मोठ्या विक्रेत्यांपैकी एक असलेल्या क्लाउडटेलमध्ये ॲमेझॉनचा ४९ टक्के अप्रत्यक्ष हिस्सा होता. तो २४ टक्क्यांवर, म्हणजे क्लाउडटेल ॲमेझॉनच्या समूहातली मानली जाणार नाही इतका खाली, आणण्यात आला आणि नियम लागू होताच बाजारावरून हटलेला क्लाउडटेलचा माल पुन्हा विक्रीला आला. पुढे मे २०२२ मध्ये क्लाउडटेलचा व्यवहार बंद झाला, ही गोष्ट वेगळी. नियम हिस्सा आणि टक्केवारी मोजतो. ग्राहकाने ‘कॉटन टॉवेल’ असे शोधले की पहिल्या ओळीत कोणाचा माल दिसावा, हे मात्र बाजाराचा मालकच ठरवतो.

ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, मालाचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो आणि विक्रेत्याविक्रेत्यांत काही भेद केला जातो का, हे बाजाराने उघड सांगायला हवे. या तरतुदीचा आधार घेऊन कोणी लेखी विचारणा केली आहे का? केली असल्यास उत्तर मिळाले का? भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला, तो कर्नाटक उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात लढवला गेला, आणि २०२४ मध्ये चौकशी अहवालात निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याचा निष्कर्ष असल्याच्या बातम्या आल्या. कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत. इतकी वर्षे चालणाऱ्या प्रक्रियेत, ज्याला आठवड्याच्या आठवड्याला कामगारांचा पगार करायचा आहे अशा कारखानदाराने काय करावे, याचे उत्तर मला कोठेही सापडलेले नाही.

बाजाराच्या स्वतःच्या ब्रँडविषयी मला अधिक काळजी वाटते. आमच्या चादरीची वीण आणि नक्षी ओळखू येते, आणि ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. टॉवेलला मानांकन असले, तरी साध्या पांढऱ्या टॉवेलची वेगळी ओळख ग्राहकाच्या मनात नसते. कोणत्या वजनाचा, कोणत्या आकाराचा, कोणत्या भावाचा टॉवेल कोणत्या शहरात खपतो, हे आम्हाला कळण्याआधी बाजाराच्या मालकाला कळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्सने ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे असे वृत्त दिले होते की, भारतातील विक्रीच्या माहितीचा उपयोग करून ‘सोलिमो’सारख्या स्वतःच्या ब्रँडखाली इतरांच्या मालासारखा माल आणला गेला. ॲमेझॉनने ते नाकारले होते. घरगुती कापडाच्या व्यवसायातील कोणाला, आपला माल चांगला खपू लागल्यावर तशाच मापाचा आणि कमी भावाचा माल बाजाराच्या ब्रँडखाली आल्याचा अनुभव आहे का?

खर्चाच्या हिशेबातही मला मदत हवी आहे. स्रोतावर कापल्या जाणाऱ्या कराची मला चिंता नाही; जीएसटीखालील कपात जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आणि आयकराखालील कपात ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाली आहे, आणि ती रक्कम हिशेबात परत मिळते. खरा भार वाहतुकीचा दिसतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागली की आकारमानानुसार वजन निघते, आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते अधिक असेल तर आकारणी त्यावर होते. आमच्या चादरीची घडी ४० बाय ३० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात बसवली, तर हे वजन २.४ किलो भरते; चादर त्याहून बरीच हलकी असते. हवा काढून दाबून भरलेली चादर ग्राहकाला आवडते का, की घडीच्या सुरकुत्या पाहून तो ती परत पाठवतो? परत आलेला, एकदा धुतलेला टॉवेल पुन्हा विकता येत नाही, मग त्याचा तोटा शेवटी कोण सोसतो? दिवाळीच्या मोठ्या सवलत-विक्रीत भाव उतरवण्याचा भार विक्रेत्यावर किती येतो, तेही कोणी आकड्यांनिशी सांगितले तर फार उपकार होतील.

इचलकरंजीकडच्या आमच्या एका नातेवाइकांचे खाते, मालाच्या अस्सलपणाविषयी आलेल्या एका तक्रारीवरून, ऐन सणाच्या दिवसांत अशाच एका बाजाराने गोठवले. माल बाजाराच्या गोदामात आणि पैसे बाजाराच्या हिशेबात अडकून पडले, आणि ज्याच्याशी बोलावे असा माणूस शेवटपर्यंत भेटला नाही. तक्रार खोटी ठरली, पण हंगाम गेला. आमच्या कारखान्यात मागावर काम करणारी आणि टॉवेलच्या कडा शिवणारी मंडळी वर्षानुवर्षे आमच्याबरोबर आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न अशा एखाद्या निर्णयावर लोंबकळत ठेवणे मला मान्य नाही.

ॲमेझॉनने २००४ मध्ये जोयो ही कंपनी विकत घेऊन चीनमध्ये प्रवेश केला होता, आणि स्थानिक कंपन्यांपुढे टिकाव न लागल्याने २०१९ मध्ये तेथील देशांतर्गत बाजार बंद केला. भारतात तसे होईल असे मी म्हणत नाही. मात्र कंपनीला देश सोडता येतो, आमचे माग सोलापुरातच राहणार आहेत.

भर: या प्रश्नावर आलेल्या प्रतिसादांत विचारलेल्या काही गोष्टींचा खुलासा करतो. आमचा ट्रेडमार्क नोंदणीसाठी दिला आहे. भौगोलिक मानांकनाखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ (मानांकित नाव वापरण्याचा हक्क असलेला उत्पादक) म्हणून नोंद अजून झालेली नाही, ती आधी करावी हा सल्ला मला पटला. परगावच्या मागांवरील चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जात असेल, तर त्या नोंदीच्या आधारे तिच्या विक्रीची पाने बाजाराकडून काढून घेता येतात का, याचा अनुभव कोणी लिहावा. ओएनडीसी, म्हणजे केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ऑनलाइन व्यापाराच्या खुल्या जाळ्याविषयीही (ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स) विचारणा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी म्हणून नोंदल्या गेलेल्या या जाळ्यात विक्रेत्याचे ॲप आणि ग्राहकाचे ॲप वेगवेगळे असू शकते, त्यामुळे एकाच मालकावर विसंबणे टळते, हे तत्त्व मला मनापासून आवडते. पण जड कापडी मालाला तेथे प्रत्यक्ष मागणी किती आहे आणि परत आलेल्या मालाचा निवाडा कोण करतो, हे तेथे विकणाऱ्यांनीच सांगावे.

सध्या माझा कल एक तृतीयांशाहून अधिक माल ऑनलाइन न देण्याकडे, तोही एकाहून अधिक ठिकाणी विभागून देण्याकडे आहे. पुतण्याला हा आकडा फार कमी वाटतो. कोणाकडे चादर, बेडशीट किंवा टॉवेलच्या एका नगाचा, विक्रीच्या किमतीपासून हातात पडलेल्या रकमेपर्यंतचा खरा हिशेब असेल, तर आपले आणि बाजाराचे नाव गाळून तो येथे द्यावा. दिवाळीच्या सुताची खरेदी करण्यापूर्वी तो आम्हा दोघांना एकत्र बसून पाहायचा आहे.